सांगलीत जुना फ्लॅट कर्जावर घेऊन, दुरुस्त करून भाड्यानं द्यायचाय? मग आधी हे वाचा

आमच्याकडं चार पैसे साठले की माणूस एकतर रानात बोअर मारतो नाहीतर सांगलीत फ्लॅट बघायला लागतो. फ्लॅट बघणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांच्या डोक्यात एकच हिशोब असतो, भाडं येईल आणि त्यातून हप्ता जाईल. तर पहिल्यांदा हेच सांगतो, सांगली-मिरजेत भाड्यातून हप्ता सुटत नाही. साधारण अर्धा सुटतो, बाकीचा खिशातून. हे पचत असेल तरच पुढं वाचा. कमाई खरी कुठं आहे तर जुना, कळकट दिसणारा पण कागदानं स्वच्छ फ्लॅट कमी भावात उचलायचा आणि नेमक्या जागी पैसे घालून तो वर्षाचे बारा महिने भरलेला राहील असा करायचा, त्यात आहे. म्हणजे सगळा खेळ टोकन द्यायच्या आधीचा आहे, नंतर फक्त निस्तरणं.

मी या सगळ्यातून गेलोय, त्यामुळं ज्या क्रमानं करावं त्याच क्रमानं लिहितोय.

१. आधी कागदावर आकडे मांडा

समजा विश्रामबाग बाजूला जुना टू बीएचके २४ लाखाला मिळतोय. बँक ८० टक्के देणार म्हणजे १९ लाख २० हजार. रिझर्व्ह बँकेच्या नियमात ३० लाखापर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देता येतं, पण जुनी बिल्डिंग आणि त्यात दुसरं घर म्हटलं की ९० मिळेल असं धरून चालू नका. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं मुदत धरली तर लाखाला ८६८ रुपये हप्ता बसतो, म्हणजे महिन्याला साडेसोळा हजाराच्या वर. भाडं ८ ते ९ हजार धरा. फरक दिसला का?

आता खिशातले बघा. स्वतःचा हिस्सा ४ लाख ८० हजार. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ५ टक्के अधिक १ टक्का स्थानिक कर, म्हणजे १ लाख ४४ हजार. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३० हजार, इथं २४ हजार होते. एजंट एक टक्का घेतो, काही दोन मागतात. बँकेची प्रोसेसिंग फी, वकील, व्हॅल्युएशन, गहाणखताचा स्टॅम्प हे वेगळं. सगळं मिळून सात लाखाच्या आसपास जातं आणि अजून घराला खिळासुद्धा ठोकलेला नाही. दुरुस्ती तीन लाख धरली तर दहा लाख स्वतःचे पाहिजेत. लोक पाच लाख हातात घेऊन येतात आणि उरलेल्यासाठी सोनं गहाण टाकतात, तसं करू नका.

आणि हो, मुद्रांक शुल्क रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारनं त्या भागासाठी ठरवलेला भाव आणि सौद्याची किंमत यातल्या जी जास्त असेल तिच्यावर लागतं. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत आहे, नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर नाही. पण नवऱ्याच्या पैशानं बायकोच्या नावावर घर घेऊन भाडं तिच्या उत्पन्नात दाखवू म्हणाल तर इन्कम टॅक्सवाले ते नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात, हे आधी सीएला विचारून घ्या.

२. कुठं घ्यायचं ते भाडेकरू बघून ठरवा

स्वतः राहायला घेताना माणूस देऊळ, शाळा, भाजी मंडई बघतो. भाड्यासाठी घेताना भाडेकरू कोण येणार ते बघायचं. विश्रामबागला वालचंद आणि विलिंग्डन कॉलेज आहे, पोरं आणि नोकरदार दोन्ही येतात. मिरजेला हॉस्पिटलांचं जाळं, त्यामुळं नर्स, शिकाऊ डॉक्टर, लॅबवाले असा कायमचा राबता असतो आणि हे लोक भाडं वेळेवर देतात असा माझा तरी अनुभव आहे. कुपवाडला एमआयडीसीतले सुपरवायझर, ऑपरेटर. भाडं कमी पण घर रिकामं राहत नाही.

पोरांना द्यायचं असेल तर आधी सोसायटीला विचारा. बऱ्याच बिल्डिंगांत "बॅचलर चालणार नाहीत" हे घर घेतल्यावर कळतं.

३. पूर. यावर जरा जास्त वेळ घालवा

सांगलीत घर घेताना पहिला प्रश्न हाच असला पाहिजे, पाणी कुठपर्यंत आलेलं? आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २००५ आणि २०२१ लाही गावात शिरलंच होतं. मालक म्हणणार "आमच्याकडं नाही आलं", एजंट म्हणणार "फक्त रस्त्यावर आलेलं". यांचं ऐकूच नका. समोरच्या किराणावाल्याला विचारा, इस्त्रीवाल्याला विचारा, ते भिंतीवर हात ठेवून दाखवतात इथपर्यंत म्हणून. कित्येक इमारतींच्या भिंतींवर खूण अजून दिसते.

पाटबंधारे खात्याची निळी आणि लाल पूररेषा असते. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाच्या. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला बंदी असते, त्यामुळं तिथली जुनी इमारत उद्या पाडायची वेळ आली तर पुन्हा बांधायला मिळेल का हा प्रश्न उभा राहतो. महापालिकेच्या नगररचना विभागात गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर घेऊन गेलात की कळतं.

याचा अर्थ पूरपट्ट्यात घेऊच नये असा नाही. गावभागात दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट स्वस्तात मिळतो आणि बाजारपेठ जवळ असल्यानं भाडेकरूही मिळतो. फक्त लिफ्टची मोटर, पाण्याची मोटर आणि मीटरचे बोर्ड कुठल्या उंचीवर आहेत ते बघा. हे तळमजल्यावर खालीच असेल तर पूर ओसरल्यावरही लाईट-पाणी नसतं, आणि भाडेकरू तेवढ्यात सामान उचलतो. शामरावनगरसारख्या सखल भागात पुराशिवायही पावसाचं पाणी तुंबतं, ते वेगळं दुखणं.

घर बघायला जुलै-ऑगस्टमध्ये जा. उन्हाळ्यात सगळीच घरं कोरडी असतात.

४. कागद. टोकन द्यायच्या आधी, नंतर नाही

मालकाकडून झेरॉक्स घ्यायच्या, त्या अशा:

- मालकाचं नोंदणीकृत खरेदीखत आणि त्याची सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू. आधीची खरेदीखतं असतील तर ती पण
- प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, बिनशेतीचा आदेश
- मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला
- अपार्टमेंट असेल तर घोषणापत्र आणि डीड ऑफ अपार्टमेंट, सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट आणि ना हरकत
- घरपट्टी, पाणीपट्टी, लाईट बिल, मेंटेनन्स यांची बाकी नसल्याच्या पावत्या
- मालकाचं कर्ज चालू असेल तर त्या बँकेचं बाकी रकमेचं पत्र आणि त्यांच्याकडं जमा असलेल्या मूळ कागदांची यादी

ही यादी घेऊन स्वतःच्या वकिलाकडं जा. बँकेचा वकील सर्च, म्हणजे मिळकतीच्या जुन्या व्यवहारांचा शोध, काढतोच, साधारण ३० वर्षांचा, पण तो बँकेसाठी काढतो आणि तोवर तुमचं टोकन गेलेलं असतं. वकिलाला पेपरात जाहीर नोटीस द्यायला सांगा. वडिलोपार्जित मिळकत असेल तर बहिणींच्या सह्या हा विषय हमखास निघतो, आणि नोटीस आली की लांबचे लांबचे वारस पेपर वाचायला लागतात!

सांगलीतला सगळ्यात मोठा सापळा म्हणजे गुंठेवारी. शहराच्या कडेनं कित्येक कॉलन्या गुंठा-गुंठा विकून वसलेल्या आहेत. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं असे प्लॉट नियमित करून घेता येतात आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. पण नियमित "करता येतं" आणि "केलेलं आहे" यात लाखाचा फरक आहे. महापालिकेचं नियमितीकरणाचं प्रमाणपत्र हातात नसेल तर चांगली बँक दारात उभी करत नाही. स्टॅम्पपेपरवर नोटरी करून दिलेलं खरेदीखत कोणी पुढं केलं तर चहा पिऊन उठा. नोटरीनं मालकी येत नसते.

इमारत ३० वर्षांच्या पुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का विचारा, कायद्यानं ते करायला लागतं. बँकही जुन्या इमारतीचं उरलेलं आयुष्य बघून मुदत कमी करते, मग २० वर्षांचा हप्ता धरून केलेला तुमचा हिशोब कोलमडतो.

५. कर्ज

सरकारी बँक, खाजगी बँक, हाउसिंग फायनान्स आणि पतसंस्था असे चार दरवाजे आहेत. पतसंस्था लवकर देते, ओळखीनं देते, पण व्याज बँकेच्या बरंच वर असतं आणि २० वर्षांची मुदत सहसा मिळत नाही. भाड्यावर चालणाऱ्या घराला ते झेपत नाही. पिग्मी तिथं ठेवा पण घरकर्ज बँकेतूनच काढा.

बँकेत जायच्या आधी सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाचे गुण, बघून घ्या, ७५० च्या वर असेल तर दरावर बोलता येतं. पगारदार असाल तर सॅलरी स्लिप, फॉर्म सोळा, सहा महिन्यांचं स्टेटमेंट. धंदेवाल्यांना दोन-तीन वर्षांची रिटर्नं. शेतीचं उत्पन्न दाखवायचं असेल तर कारखान्याच्या ऊसबिलाच्या पावत्या आणि सातबारा काढून ठेवा, काही मॅनेजर धरतात, काही बघतसुद्धा नाहीत. आधीचं घरकर्ज चालू असेल तर तो हप्ता आणि हा हप्ता मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्याच्या आत बसला पाहिजे असं साधारण बघतात.

इथले सापळे सांगतो.

एक, वरचे पैसे. मालक म्हणणार १८ लाखाचं खरेदीखत करू, सहा लाख कॅश द्या. बँक कर्ज देते ते खरेदीखताची किंमत आणि त्यांच्या व्हॅल्युअरची किंमत यातल्या कमी रकमेवर. म्हणजे कॅश वाढली की कर्ज कमी. शिवाय मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावर रोख घेणं कायद्यानं बंद आहे, जेवढी रक्कम तेवढाच दंड घेणाऱ्याला बसू शकतो. आणि पुढं तुम्ही विकाल तेव्हा तुमची खरेदी १८ लाखच धरली जाते, त्या सहा लाखाचा टॅक्स तुम्ही भरायचा. "सगळेच करत्यात" हे उत्तर ऐकायला मिळेल. करू देत की.

दोन, विमा. कर्जासोबत एकरकमी प्रीमियमची पॉलिसी चिकटवतात आणि तो प्रीमियम कर्जातच मिसळतात. त्यांचीच पॉलिसी घेतली पाहिजे असं बंधन नाही. टर्म इन्शुरन्स बाहेरून घ्या.

तीन, फ्लोटिंग, म्हणजे वरखाली होणारा दर. रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँकेचा बँकांसाठीचा दर, वर गेला की बँक हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवते आणि माणसाला पत्ताच नसतो. हप्ता वाढवायचा की मुदत, हे विचारायचा हक्क रिझर्व्ह बँकेनं २०२३ मध्ये कर्जदाराला दिलाय. फ्लोटिंगच्या वैयक्तिक घरकर्जाला मुदतीआधी पैसे भरल्याचा दंड नसतो, त्यामुळं बोनस, ऊसबिल जे येईल त्यातलं थोडं थोडं मुद्दलात टाकत राहा.

चार, मालकाचं जुनं कर्ज. "मी भरून घेतो, तुम्ही मला द्या" असं म्हटलं तर नाही म्हणा. बाकी रकमेचा चेक थेट त्याच्या बँकेच्या नावानं जाऊ दे.

व्यवहार झाल्यावर गहाणाची नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे घर बँकेकडं गहाण ठेवल्याची नोंदणी कार्यालयाला द्यायची सूचना, ३० दिवसांत दाखल करायची असते. बँक आठवण करते पण स्वतःही लक्ष ठेवा.

६. दुरुस्तीचे पैसे पण आताच ठरवा

बरेच जण घर घेतात, पैसे संपतात आणि मग दुरुस्तीला पर्सनल लोन नाहीतर क्रेडिट कार्ड. त्यापेक्षा घरकर्जाचा अर्ज देतानाच मॅनेजरला होम इम्प्रूव्हमेंट कर्जाबद्दल विचारा. इंजिनिअरचं किंवा कॉन्ट्रॅक्टरचं सहीशिक्क्याचं एस्टिमेट लागतं, पैसे टप्प्यानं सुटतात, काम बघायला माणूस येतो. व्याज घरकर्जाच्या आसपास असतं. भाड्यानं दिलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी काढलेल्या कर्जाचं व्याजही भाड्याच्या उत्पन्नातून वजा मिळतं. पहिला टप्पा यायला वेळ लागतो हे धरून थोडी रोकड हाताशी पाहिजेच.

७. काम: काय करायचं, काय सोडायचं

क्रम मोडू नका. आधी गळती, मग नळ, मग वायरिंग, मग फरशी, मग पुट्टी-रंग, शेवटी दिवे-पंखे. लोक रंगापासून सुरू करतात कारण ते डोळ्याला दिसतं.

बाथरूम-संडास उकरायचाच असेल तर पूर्ण उकरा. खालच्या घराच्या छताला ओल असेल तर जुनी फरशी काढून वॉटरप्रूफिंग करा आणि नवीन फरशी बसवायच्या आधी पाणी तुंबवून निदान एक दिवस ठेवा, खाली जाऊन छत बघा. गवंडी म्हणेल "साहेब, गरज नाही". गरज आहे. जुने लोखंडी पाइप असतील तर सीपीव्हीसीचे, म्हणजे गरम पाणी सोसणारे प्लास्टिकचे पाइप टाका. भिंतीला लोणा, म्हणजे ओलीनं पांढरा क्षार, आला असेल तर त्यावर पुट्टी मारून झाकू नका, एका पावसाळ्यात सुटते. गिलावा विटेपर्यंत काढून ओल कुठून येते ते शोधा.

वायरिंग जुन्या घरात बहुतेक बदलायलाच लागतं. दिव्यांना दीड आणि पॉवर पॉइंटला अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, गीझर-एसीला चार. एमसीबीसोबत आरसीसीबी, म्हणजे शॉक लागताच लाईट तोडणारा स्विच, बसवा आणि अर्थिंग तपासा. तळमजला असेल तर बोर्ड जमेल तेवढे वर घ्या, आणि प्लायवूडचं काहीही करू नका, किचनला कडप्प्याच्या नाहीतर ग्रॅनाइटच्या फळ्या टाका. पुराचं पाणी उतरलं की धुऊन घर पुन्हा उभं राहतं.

भाडं वाढवणाऱ्या गोष्टी माझ्या मते या: कमोड, गीझरचा पॉइंट, खिडक्यांना मच्छरजाळी, किचनला एक्झॉस्ट, स्वतंत्र पाण्याची टाकी, टू-व्हीलर लावायला जागा. न वाढवणाऱ्या: फॉल्स सीलिंग, टीव्हीमागचं पॅनेल, वॉलपेपर. भाडेकरू सीलिंगकडं बघून हजार रुपये जास्त देत नाही, पण पाणी दिवसातून किती वेळ येतं हे दारातच विचारतो.

भिंत पाडून हॉल मोठा करायची हौस सगळ्यांना असते. जुन्या लोड बेअरिंग, म्हणजे भिंतींवरच भार असलेल्या बांधकामात कुठल्याही भिंतीला इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावू नका, सोसायटीची लेखी परवानगी पण घ्या.

मिस्त्रीशी व्यवहार लिहून करा. ठोक की मजुरीवर, मटेरियल कोणाचं, डबर कोण उचलणार, हे आधीच. डबरावरून भांडण ठरलेलं आहे, कारण तो जिन्यात पडून राहतो आणि शेजारी तुम्हाला फोन करतात. पैसे कामाच्या मागं ठेवा, पुढं नको. शेवटचे दहा टक्के महिनाभर राखून ठेवा. आणि गावची यात्रा कधी आहे ते बिगाऱ्यांना आधी विचारा, यात्रेला गेलेला माणूस चार दिवस म्हणून जातो आणि पंधरा दिवसांनी उगवतो. काम दिवाळीनंतर काढलं तर बरं, दिवाळीआधी पेंटर मिळत नाही आणि मिळाला तर भाव ऐकवत नाही.

८. भाड्यानं देताना

घरपट्टीला आणि महावितरणला नाव आधी लावून घ्या. भाडेकरू ठेवल्यानं घरपट्टीत काय बदलतं ते पालिकेत त्याच वेळी विचारा.

११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे नेहमीचा भाडेकरार, नोंदवायलाच लागतो, साधी नोटरी चालत नाही, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. न नोंदवल्यास ५ हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. वाद झाला तर नोंद नसलेल्या करारात भाडेकरू सांगेल तेच खरं धरलं जातं, ही जास्त डोकेदुखी. मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का, परत न मिळणारं डिपॉझिट असेल तर तेही त्यात धरतात आणि परत देण्याच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून रक्कम मिळवतात. शहरात नोंदणी फी १००० रुपये. घरबसल्या ऑनलाइन होतं. पोलिसांना माहिती देणं विसरू नका.

विमा घराचाही काढा. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना "भारत गृह रक्षा" नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते, तिच्यात आगीबरोबर पूरही येतो. सांगलीत राहून ही न घेणं म्हणजे कमाल आहे.

९. टॅक्सचं थोडक्यात

हिशोब सोपा जावा म्हणून इथं गोल आकडे धरतो. महिना १० हजार भाडं, वर्षाचं १ लाख २० हजार. भरलेली घरपट्टी ६ हजार वजा, राहिले १ लाख १४ हजार. त्यातून सरसकट ३० टक्के दुरुस्तीपोटी वजा, बिलं दाखवायची गरज नाही, राहिले ७९,८००. आता कर्जाचं व्याज वजा. २० लाखाच्या कर्जाला पहिल्या वर्षी साधारण १ लाख ६८ हजार व्याज जातं, म्हणजे ८८ हजारांचा तोटा दिसतो. इन्कम टॅक्सच्या जुन्या पद्धतीत हा तोटा २ लाखांपर्यंत पगारातून वजा करता येतो, नव्या पद्धतीत येत नाही. एजंट "टॅक्स वाचतो" म्हणून घर विकत असेल तर तुम्ही कुठल्या पद्धतीत आहात ते आधी बघा.

दुरुस्तीची पक्की बिलं मात्र फाइलला लावून ठेवा, जीएसटी नंबर असलेली, पैसे बँकेतून दिलेले. नवीन बाथरूम, वायरिंग, फरशी असा कायमस्वरूपी खर्च विकताना घराच्या किमतीत मिळवता येतो, रंगरंगोटी नाही. दोन वर्षांनंतर विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के कर आहे आणि महागाईची सूट, म्हणजे महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरणं, आता नवीन खरेदीला मिळत नाही, त्यामुळं तीन लाखाची बिलं हरवली तर साडेसदतीस हजार रुपये गेले असं समजा. फरशीच्या दुकानात "बिल पाहिजे का बिनबिलाचं" असं विचारतात तेव्हा हा आकडा डोक्यात असू द्या.